दीड चमचा चहा आणि बारा ग्रे

साठ किलो वजनाच्या माणसाच्या अंगात तीन दिवसांत ७२० ज्यूल ऊर्जा उतरवायची आहे. आकडा भारदस्त वाटतो, पण हिशेब केला तर हाती लागतो दीड चमचा गरम चहा. ६० अंशांचा चहा शरीराच्या ३७ अंशांपर्यंत निवताना दर मिलिलिटरमागे सुमारे ९६ ज्यूल देतो, म्हणजे साडेसात मिलिलिटरमध्ये ७२० पुरे होतात. भिवंडीत कल्याण नाक्यावरच्या एखाद्या टपरीवर कटिंगचा ग्लास उचलताना एवढा चहा सहज सांडतो. त्या उष्णतेने अख्ख्या शरीराचं तापमान वाढेल ते एका अंशाच्या तीनशेव्या हिश्शाने. घरातला थर्मामीटर ढिम्म हलणार नाही.

तीच ७२० ज्यूल ऊर्जा गॅमा किंवा एक्स-किरणांच्या रूपात डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत सारखी पसरली, तर मात्र वैद्यकीय मदतीशिवाय तो माणूस जगत नाही.

किरणांचा डोस ‘ग्रे’मध्ये मोजतात. एका किलोत एक ज्यूल ऊर्जा मुरली की एक ग्रे. लुई हॅरल्ड ग्रे या ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या नावाचं हे एकक १९७५ साली आलं. त्याआधी रॅड चालायचे, १०० रॅडचा एक ग्रे. ७२० भागिले ६० म्हणजे १२ ग्रे. सगळ्या अंगाला एकदम ४ ग्रेच्या आसपास डोस बसला आणि उपचार मिळाले नाहीत, तर दोन महिन्यांच्या आत निम्मी माणसं दगावतात. आपण बोलतोय ते त्याच्या तिपटीबद्दल. आणि रक्ताच्या कॅन्सरच्या काही पेशंटना, त्यांत लहान मुलंही आली, बोनमॅरो ट्रान्सप्लांटच्या आधी हा डोस जाणूनबुजून देतात. नेहमीची पद्धत अशी : सकाळी २ ग्रे, संध्याकाळी २ ग्रे, असं तीन दिवस. याचं नाव टोटल बॉडी इरॅडिएशन. वॉर्डात नुसतं ‘टीबीआय’, आणि नातेवाइकांच्या बोलण्यात ‘सगळ्या अंगाला लाइट’.

१२ ग्रे किती मोठे, हे कळायला रोजच्या किरणांशी ताडून पाहावं लागतं. जमिनीतून, हवेतल्या रेडॉनमधून, अन्नातून आणि आकाशातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. ही जगाची सरासरी. (या जातीच्या किरणांसाठी मिलिग्रे आणि मिलिसिव्हर्ट एकच धरले तरी चालतं.) १२ ग्रे म्हणजे १२,००० मिलिसिव्हर्ट, म्हणजे ५,००० वर्षांचा नैसर्गिक डोस. हडप्पा संस्कृती भरात यायच्या आधी जन्मलेला कुणी आजवर जगला असता, तर त्याच्या खात्यात एवढे जमले असते. आता हाच डोस छातीच्या एक्स-रेमध्ये मोजू. एका एक्स-रेचा डोस साधारण ०.०२ मिलिसिव्हर्ट, म्हणजे १२ ग्रेचे झाले सहा लाख एक्स-रे. भिवंडी-निजामपूर महापालिकेची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत सुमारे ७ लाख ९ हजार होती. यंत्रमागावरचे कारागीर, गोदामांतले हमाल, शाळेतली पोरं, म्हातारेकोतारे, जवळजवळ सगळ्या शहराचे एक्स-रे एकाच माणसाच्या अंगावर काढायचे, आणि तेही सोमवार ते बुधवार.

हा हिशेब थोडा लबाड आहे, हेही सांगून टाकतो. पाच हजार वर्षांत थेंबाथेंबाने मिळालेले किरण आणि तीन दिवसांत मिळालेले किरण सारखे नसतात. थेंबाथेंबाने झालेलं नुकसान पेशी दुरुस्त करत राहतात. तीन दिवसांत त्यांना तेवढी उसंत मिळत नाही, आणि उपचारात नेमका याचाच फायदा घेतात.

एवढीशी ऊर्जा एवढा घात का करते? उष्णता सगळ्या रेणूंना थोडं थोडं हलवते. किरणांचं तसं नाही. ते जिथे आदळतात तिथे अणूतला इलेक्ट्रॉनच उपटून काढतात. एका उपटण्याला सरासरी ३४ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास ऊर्जा लागते. त्या हिशेबाने ७२० ज्यूलमध्ये असे सुमारे १.३ गुणिले १०चा विसावा घात इतके प्रहार होतात. भास्कराचार्यांच्या लीलावतीतली दशगुणोत्तर संख्यांची यादी परार्धावर, म्हणजे एकावर सतरा शून्यांवर संपते. आपल्याला तसे तेराशे परार्ध लागतील.

शरीरात पेशी असतात साधारण ३० लाख कोटी. त्यातल्या पाचांतल्या चाराहून जास्त नुसत्या तांबड्या रक्तपेशी. त्यांच्यात केंद्रकच नसतं, त्यामुळे डीएनए तुटण्याचा प्रश्न नाही. उरलेल्यांपैकी केंद्रक असलेल्या पेशींचं दुखणं खरं. एका ग्रेमागे अशा एका पेशीत डीएनएच्या दोन्ही पट्ट्या एकाच जागी तुटण्याच्या ३०-४० घटना घडतात. बारा ग्रेला झाल्या चारशेच्या आसपास. पेशी त्यातल्या बऱ्याचशा जोडून घेते. सगळ्यात आधी हार मानतात त्या भराभर विभागणाऱ्या पेशी, आणि त्यात पहिला नंबर बोनमॅरोचा. हाडांच्या पोकळीतला हा मऊ गर एरवी दिवसाला सुमारे २०,००० कोटी तांबड्या पेशी बनवतो, म्हणजे सेकंदाला २३ लाख. टीबीआयनंतर हा कारखाना बंद पडतो. तो बंद पडावा म्हणूनच सगळा खटाटोप. ल्युकेमियाच्या पेशी तिथेच दडून असतात, आणि दात्याच्या पेशींना राहायला जागाही तिथेच लागते.

आता कॅन्सरच्या बाजूचं गणित पाहा. रोगाचं निदान होतं तेव्हा अंगात ल्युकेमियाच्या पेशी लाख कोटीच्या घरात असू शकतात. केमोथेरपीने त्या इतक्या कमी होतात की सूक्ष्मदर्शकाखाली दिसेनाशा होतात. तरी ‘दिसत नाही’ म्हणजे काही कोटी शिल्लक असू शकतात. किरणांचा मारा वजाबाकीने चालत नाही, भागाकाराने चालतो. समजा, २ ग्रेच्या एका सिटिंगनंतर दहातली एक पेशी वाचते. सहा सिटिंगनंतर दहा लाखांत एक वाचेल. हे फक्त समजण्यासाठी, कारण प्रत्येक पेशंटच्या पेशी वेगळ्या चिवट असतात. पण यातून एक गोष्ट लख्ख दिसते : डोस दहा टक्के कमी पडला तर परिणाम दहा टक्के कमी होत नाही. याच समजुतीच्या हिशेबात १२ ऐवजी १०.८ ग्रे पोचले, तर जिवंत राहिलेल्या पेशी चौपट होतात.

मग थोडा जास्तच द्यावा, असं कुणीही म्हणेल. तिथे आडवी येतात फुप्फुसं.

टोरंटोच्या प्रिन्सेस मार्गारेट हॉस्पिटलमधल्या जेक व्हॅन डाइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली एक आलेख छापला. मला विचाराल तर या सगळ्या विषयातली सगळ्यात धडकी भरवणारी रेघ तीच. एकाच सिटिंगमध्ये अंगाला किरण दिलेल्या पेशंटच्या फुप्फुसांना प्रत्यक्षात किती डोस पोचला आणि किती जणांची फुप्फुसं सुजली, याचा तो आलेख. ८.२ ग्रेला शंभरात पाच. ९.३ ग्रेला शंभरात पन्नास. १०.६ ग्रेला शंभरात पंचाण्णव. ही सूज त्या काळात बहुतेकदा जीवच घ्यायची. म्हणजे ‘बहुतेक सगळे सुखरूप’ आणि ‘बहुतेक सगळे संकटात’ यांच्यामधलं अंतर अवघं अडीच ग्रे. त्या मधल्या चढावर डोस पाच टक्क्यांनी चुकला की शंभरातले आणखी वीसेक जण आजारी. आज डोस एकदम न देता सहा तुकड्यांत देतात, मशीन हळू चालवतात, मिनिटाला ५ ते १५ सेंटिग्रेच्या बेताने, आणि फुप्फुसांपुढे धातूची ढाल धरून त्यांचा डोस ८ ते १० ग्रेच्या आत ठेवतात. त्यामुळे ती रेघ आता तेवढी उभी राहिली नाही. पण ती सपाटही झालेली नाही.

ढाल लागते, कारण फुप्फुसात हवा असते. त्याची घनता पाण्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाइतकी. किरण त्यातून अडखळल्याशिवाय आरपार जातात, म्हणून आतला डोस बाकीच्या अंगापेक्षा जास्त भरतो. मान बारीक असते, तिथेही जास्त. घोटे त्याहून बारीक. माणूस ठोकळ्यासारखा असता तर ही कटकट नव्हती! मग त्याला ठोकळा बनवतात. बऱ्याच ठिकाणी तांदळाच्या पिशव्या पायांच्या मध्ये, मानेच्या दोन्ही बाजूंना, कमरेच्या खळग्यात ठेचून बसवतात. तांदळाची रास किरणांना साधारण मांसासारखीच अडवते. कोट्यवधी रुपयांच्या मशीनपुढे तांदूळ, हे पाहून पेशंटचे नातेवाईक गोंधळतात, पण तांदळाने ते काम चोख होतं.

मशीनचाही प्रश्न असतो. ते बनलेलं असतं तळहाताएवढ्या गाठीवर किरण टाकायला. मशीनपासून एक मीटरवर किरणांचा चौकोन जास्तीत जास्त ४० सेंटिमीटरचा. त्यात माणूस मावणार कसा? तर त्याला दूर न्यायचं. चार मीटरवर तोच चौकोन १६० सेंटिमीटरचा होतो आणि त्याचा कर्ण २२६ सेंटिमीटरचा. पेशंट झोपतो तो कर्णावर. पण अंतर चौपट झालं की तीव्रता सोळाव्या हिश्शावर येते, म्हणून एका सिटिंगला वीस मिनिटं ते पाऊण तास लागतो. तेवढा वेळ हलायचं नाही, आणि खोलीत पेशंट एकटा. त्याच्या अंगालगत सेंटिमीटरभर जाड ॲक्रिलिकची काच उभी असते. उच्च ऊर्जेचे किरण कातडीवर थोडे कमी आणि आत जाऊन जास्त भरतात. ती काच कातडीचीही भरपाई करते.

एवढी सगळी तजवीज कॉम्प्युटरवर गणित करून केलेली असते. तरी गणितावर विसंबून भागत नाही. माणूस श्वास घेतो, कूस सावरतो, तांदळाची पिशवी सरकते. म्हणून डोस पेशंटच्या अंगावरच मोजतात.

त्याचं एक जुनं आणि अजून भरवशाचं साधन म्हणजे टीएलडी चिप. लिथियम फ्लोराइडचा स्फटिक, त्यात मॅग्नेशियम आणि टायटॅनियमची चिमूट. आकार तीन मिलिमीटर लांब, तीन रुंद, एकाहून कमी जाड. वजन सुमारे २४ मिलिग्रॅम. बोटांनी उचलायची नाही. बोटांचं तेल लागलं तरी आकडा बिघडतो, म्हणून निर्वात चिमट्याने उचलतात. अशा चिपा छोट्या पाकिटांत घालून कपाळ, मान, छाती, बेंबी, ओटीपोट, मांडी, गुडघा, घोटा अशा जागी समोरून आणि मागून चिकटवतात. पुढचा आणि मागचा आकडा मिळाला की शरीराच्या मध्यावर किती पोचलं याचा अंदाज निघतो. २ ग्रेच्या सिटिंगमध्ये एक चिप जी ऊर्जा साठवते ती एका ज्यूलच्या वीस हजाराव्या हिश्शाइतकी. किरणांनी उपटलेले काही इलेक्ट्रॉन स्फटिकातल्या खाचांमध्ये अडकून बसतात. नंतर रीडरमध्ये चिप तापवायची, अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत. खाचांतून सुटताना ते निळसर प्रकाश सोडतात. डोळ्यांना दिसणार नाही इतका क्षीण. तो फोटोमल्टिप्लायर नळीने मोजायचा. जितका प्रकाश, तितका डोस. एकदा वाचली की चिप कोरी होते, आकडा चुकला तर परत विचारता येत नाही. मग ती ४०० अंशांवर तासभर भाजून पुन्हा तयार करायची. टीएलडीचा तोटा हाच की निकाल नंतर कळतो. म्हणून हल्ली जोडीला सिलिकॉनचे डायोड लावतात. त्यांची वायर बाहेर कंट्रोल रूमपर्यंत जाते आणि आकडा त्याच क्षणी दिसतो. पण डायोड अंगाच्या उबेने तापला की त्याचंही माप सरकतं, ती दुरुस्ती धरावी लागते. बिनचूक मापक बाजारात नाही, म्हणून एकावर दुसऱ्याचा पहारा ठेवायचा. लक्ष्य हे की अंगभर डोस ठरलेल्याच्या दहा टक्क्यांच्या आत-बाहेर राहावा. पहिल्या सिटिंगचे आकडे पाहून दुसरीच्या आधी ढाल किंवा पिशवी हलवता येते, हा तुकड्यांत डोस देण्याचा आणखी एक फायदा.

चिपचा आकडा खरा कशावरून? तिला आधी ओळखीचा डोस देऊन पारखलेलं असतं. तो ओळखीचा डोस खरा कशावरून? तो आयन चेंबरने मोजलेला असतो. हॉस्पिटलात सर्रास दिसणारा चेंबर म्हणजे बोटाच्या पेराएवढी पोकळी, आत ०.६ घनसेंटिमीटर हवा. या हवेचं वजन मिलिग्रॅमहूनही कमी. टीबीआयच्या मंद गतीने, मिनिटाला १० सेंटिग्रे, किरण आले तर त्या हवेतून वाहणारा प्रवाह ३५ पिकोअँपिअरचा. एका अँपिअरचे जवळजवळ २,९०० कोटी तुकडे केले तर त्यातला एक. तरी त्यात सेकंदाला सुमारे २२ कोटी इलेक्ट्रॉन धावत असतात, आणि तेवढे मोजता आले म्हणून पेशंटच्या फाइलवर ‘२ ग्रे’ लिहिता येतं.

हे चेंबर ठरावीक काळाने पारखायला पाठवावे लागतात, आणि भिवंडी-ठाणे-मुंबई पट्ट्याचं नशीब असं की भारतातली ती जागा आपल्या खाडीपलीकडेच आहे : ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र (बीएआरसी). देशभरच्या रेडिओथेरपी मापकांचा मानदंड तिथे राखला जातो आणि तो पुढे पॅरिसजवळच्या सेव्र येथील आंतरराष्ट्रीय वजनमाप संस्थेच्या मापाशी जोडलेला आहे. शिवाय आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना १९६९पासून पोस्टाने मापकाची कॅप्सूल पाठवून जगभरच्या हॉस्पिटलांची परीक्षा घेतात. हॉस्पिटलने त्या कॅप्सूलला ‘आमच्या मते २ ग्रे’ द्यायचे आणि परत पाठवायची. सुरुवातीच्या वर्षांत जेमतेम निम्मी हॉस्पिटलं पाच टक्क्यांच्या आत उतरत होती. आता जवळपास सगळी उतरतात. वैद्यकशास्त्राच्या इतिहासात ही सुधारणा फारशी गाजली नाही. गाजायला हवी होती.

भिवंडीच्या पेशंटला टीबीआयसाठी वाट कुठची? परळचं टाटा मेमोरियल, नाहीतर खारेगाव, मुंब्रा बायपास, शिळफाटा, तळोजा असं करत खारघर. तिथलं ॲक्ट्रेक हे टाटा मेमोरियलचंच दुसरं घर. टाटा मेमोरियल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं आणि १९६२ साली ते अणुऊर्जा खात्याकडे गेलं. आपल्याकडचं सगळ्यात मोठं कॅन्सर हॉस्पिटल आरोग्य खात्याऐवजी अणुऊर्जा खात्याखाली आहे, हे बऱ्याच मुंबईकरांनाही ठाऊक नसतं. भारतातला पहिला यशस्वी बोनमॅरो ट्रान्सप्लांट तिथेच झाला, १९८३ साली, डॉ. सुरेश अडवाणींच्या हातून. पेशंट होती ल्युकेमिया झालेली नऊ वर्षांची मुलगी. अडवाणी लहानपणीच्या पोलिओमुळे व्हीलचेअरवरून काम करायचे. ते ही विद्या सिॲटलला डोनल थॉमस यांच्या केंद्रात शिकून आले होते. थॉमस यांनी पन्नासच्या दशकात ल्युकेमियाच्या पेशंटना सगळ्या अंगाला किरण देऊन जुळ्या भावंडाचा मॅरो घालण्याचे पहिले प्रयोग केले, आणि १९९० साली त्यांना नोबेल मिळालं. पुढे टाटाचा ट्रान्सप्लांट विभाग खारघरला गेला. बीएआरसीने विकसित केलेलं भाभाट्रॉन हे कोबाल्टचं देशी मशीनही पहिल्यांदा ॲक्ट्रेकमध्येच बसलं.

कोबाल्टचा उल्लेख आलाच आहे तर त्याचेही आकडे पाहू. अशा मशीनमधला स्रोत बोटभर रुंदीचा असतो. दहा हजार क्युरीचा धरला तर त्यात सेकंदाला ३७ लाख कोटी... नव्हे, ३७० लाख कोटी अणू फुटतात, आणि दर अणूमागे गॅमाचे दोन कण निघतात. दर महिन्याला त्याची ताकद एक टक्क्याहून थोडी जास्त उतरते. सव्वापाच वर्षांत निम्मी. म्हणजे जानेवारीतल्या वीस मिनिटांच्या सिटिंगला डिसेंबरात सव्वादोन-अडीच मिनिटं जास्त लागतात, आणि हे वेळापत्रक फिजिसिस्टला सतत बदलत राहावं लागतं.

हाच कोबाल्ट मोजमापाविना हाती पडला तर काय होतं, ते दिल्लीच्या मायापुरीने २०१० साली पाहिलं. विद्यापीठातलं जुनं उपकरण भंगारात गेलं, आत कोबाल्ट-६० आहे हे कापणाऱ्यांना माहीत नव्हतं. सात जण हॉस्पिटलात दाखल झाले, एक दगावला. भंगाराची गोदामं भिवंडीतही आहेत, म्हणून ही गोष्ट इथे लक्षात ठेवलेली बरी. मोजमाप हुकल्याची याहून मोठी गोष्ट चेर्नोबिलच्या अणुवीज केंद्रातली : १९८६ सालच्या अपघातात १३४ जणांना तीव्र किरणबाधा झाली, त्यातले २८ जण पहिल्या काही महिन्यांत गेले. तिथे हाताशी असलेल्या मापकांची पट्टी तासाला ३.६ रोंटजेनला संपत होती. काटा शेवटाला टेकला आणि तोच आकडा वर कळवला गेला. कुणाला किती ग्रे बसले, हे नंतर रक्तातल्या लिम्फोसाइट किती वेगाने घटल्या आणि गुणसूत्रं किती तुटली यावरून काढावं लागलं. तेरा जणांना बोनमॅरो ट्रान्सप्लांट केला, बहुतेकांना उपयोग झाला नाही. त्यांचा फक्त मॅरो जळला नव्हता; कातडी, आतडी, फुप्फुसं, कशाला किती हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

टीबीआयमध्ये ते ठाऊक असतं. सगळा फरक तिथे आहे. नंतर दात्याच्या मूळ पेशी साध्या रक्ताच्या बाटलीसारख्या शिरेतून चढवतात, किलोमागे २० ते ५० लाख, म्हणजे साठ किलोच्या माणसाला १२ ते ३० कोटी. त्या आपापल्या हाडांची वाट शोधतात आणि दोन-तीन आठवड्यांत कारखाना पुन्हा सुरू होतो. अधल्यामधल्या दिवसांत पेशंटकडे प्रतिकारशक्ती जवळपास शून्य असते.

इतका विषारी उपचार अजून का ठेवलाय, असा प्रश्न डॉक्टरांनाही पडला होता. फक्त औषधांवर भागेल का, हे पाहायला ‘फोरम’ नावाची आंतरराष्ट्रीय चाचणी झाली, चार वर्षांवरच्या ल्युकेमियाग्रस्त मुलांवर. चारशेहून जास्त मुलं दोन गटांत विभागली गेली. २०२१ साली निकाल छापून आले : टीबीआय घेतलेल्यांपैकी दोन वर्षांनी ९१ टक्के जिवंत होती, फक्त औषधं घेतलेल्यांपैकी ७५ टक्के. रोग उलटण्याचं प्रमाण १२ विरुद्ध ३३ टक्के. फरक इतका ठळक होता की चाचणीतली वाटणी मधेच थांबवावी लागली.

टीबीआय देतात त्याच इमारतीत दुसरी एक मोजणी चालते, ती स्टाफची. तंत्रज्ञाच्या खिशावर जो बॅज असतो त्यात बीएआरसीने बनवलेल्या कॅल्शियम सल्फेट-डिस्प्रोशियमच्या तीन चकत्या असतात. १९७५पासून फिल्म बॅज जाऊन हे आले. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमाप्रमाणे किरणांसोबत काम करणाऱ्याची वार्षिक मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने २० मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात ३०च्या वर नाही. पेशंटला तीन दिवसांत जे मिळतं ते या सरासरीने ६०० वर्षांचा कोटा आहे. म्हणून दरवाजा बंद झाल्यावर आत दुसरं कुणी राहत नाही, मग पेशंट चार वर्षांचा असला तरी. आईबापाला ते काचेपलीकडून, कॅमेऱ्यावर पाहावं लागतं.

घरात कुणाचं टीबीआय झालं असेल, किंवा होणार असेल, तर एक काम जरूर करा. डिस्चार्जच्या कागदावर एकूण किती ग्रे, किती सिटिंगमध्ये, कुठल्या तारखांना आणि फुप्फुसांना किती, हे चार आकडे लिहून घ्या. लिहिलेले नसतील तर रेडिएशन विभागातल्या फिजिसिस्टकडे मागा. त्यांच्याकडे ते असतात आणि विचारल्याचं त्यांना बरंच वाटतं. झेरॉक्स काढून घरात दोन ठिकाणी ठेवा. मोतीबिंदू, थायरॉइड, मुलांची वाढ, पुढे मूल होण्याच्या अडचणी, हे सगळं दहा-वीस वर्षांनी तपासायचं असतं, आणि पुन्हा कधी रेडिएशन द्यायची वेळ आली तर आधीचा डोस कळल्याशिवाय पुढचा ठरत नाही. तेव्हाचा डॉक्टर कदाचित दुसऱ्या गावातला असेल, आणि वीस वर्षांनंतर कुठल्याही तपासणीने ते आकडे अचूक काढता येत नाहीत.